शिरोरेषेत लपलेला 12

'रांग' या माझ्या छपाईच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती काल रात्री पूर्ण झाली. ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांनी ती जरूर बदलून घ्या. मागच्या आवृत्तीत माझ्याकडून एक चूक राहिली होती आणि तिचा त्रास पंचवटीत दिंडोरी रोडवरच्या एका आडतीच्या पेढीला दोन आठवडे झाला. काय झालं ते नीट सांगते.

'रांग' काय आहे हे नव्या वाचकांसाठी थोडक्यात. माझ्याकडे येणाऱ्या पेढ्यांवर अजून डॉसमधले, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातले, फॉक्सप्रोत लिहिलेले हिशोबाचे प्रोग्राम चालतात. छापायचं म्हटलं की त्यांना एलपीटी-1, म्हणजे प्रिंटर जोडायचं जुनं पोर्ट, हे एकच दार ठाऊक असतं. नव्या मशीनला ते पोर्ट नसतं, प्रिंटर यूएसबीवर असतो. 'रांग' मध्ये बसते, आलेला मजकूर डिस्कवर उतरवून घेते आणि प्रिंटर मोकळा झाला की जसाच्या तसा पुढे सोडते. नवा प्रोग्राम का घेत नाहीत, असं मला पुष्कळ जण विचारतात. हिशोबपट्टीच्या, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब देणाऱ्या कागदाच्या, तीन प्रती लागतात. पांढरी शेतकऱ्याला, गुलाबी व्यापाऱ्याला, पिवळी पेढीत. डॉट मॅट्रिक्सच्या पिना कागदावर ठोकतात म्हणून खाली कार्बन उठतो. लेझरला किंवा इंकजेटला ते जमत नाही. वीस वर्षांचे हिशोब ज्यात नीट बसलेत असा प्रोग्राम आणि तीन प्रती एका दमात काढणारा प्रिंटर, हे दोन्ही टिकावेत असं मला मनापासून वाटतं.

यातली खरी अडचण एकच आहे. पट्टी संपली हे कळायचं कसं? डॉसचा प्रोग्राम अक्षरं पाठवत राहतो, 'झालं' असं सांगत नाही. विंडोज एक्सपीचा उपाय म्हणजे 15 सेकंद काही आलं नाही तर संपलं असं धरायचं. लिलाव उरकल्यावर खिडकीशी माणसं उभी असतात, बाहेर पिकअपवाले हॉर्न वाजवतात, तेव्हा प्रत्येक पट्टीमागे 15 सेकंद फार होतात. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगमध्ये, ही वेळ (एलपीटी_टाइमआउट) 3 सेकंदांवर आणून बघितली. तर फॉक्सप्रो मध्येच बेरजेला थांबला की पट्टी तुटायची, आणि दुसऱ्या खिडकीवरची पट्टी त्या फटीत घुसायची. एकाच्या टोमॅटोखाली दुसऱ्याची हमाली.

म्हणून मागच्या आवृत्तीत मी वेळ मोजणं सोडलं आणि फॉर्म फीडवर गेले. फॉर्म फीड म्हणजे 12 नंबरचा बाइट, 'पान बाहेर काढ' ही खूण. (बाइट म्हणजे 0 ते 255 मधला एक आकडा; प्रिंटरकडे सगळं अशा आकड्यांतच जातं.) 12 दिसला की पट्टी संपली. माझ्याकडच्या सगळ्या नमुन्यांवर हे छान चाललं. ते सगळे नमुने इंग्रजी होते.

मग दिंडोरी रोडच्या त्या पेढीतल्या दिवाणजी काकांचा फोन आला. "ताई, इंग्रजी पट्टी बरोबर येते, पण मराठी नावाची आली की कागद नुसता सरकत राहतो. नाव अर्धंच."

मी गेले. रांगेत बघितलं तर एका पट्टीची चाळीसच्या वर तुकडे झालेली कामं पडलेली, बरीचशी एकेका बाइटची. पकडलेली फाईल एकेका बाइटच्या आकड्यांत उघडली. त्या प्रोग्रामात मराठी नावं चित्र म्हणून छापतात. एक बाइट म्हणजे उभे आठ ठिपके, सगळ्यात वरचा 128 चा, सगळ्यात खालचा 1 चा. फाईलभर 12, 12, 12 अशी माळच माळ. 12 म्हणजे 8 अधिक 4, वरून पाचवा आणि सहावा ठिपका. दोन ठिपके जाडीची आडवी रेघ. ती शिरोरेषा होती! नावातल्या दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत शिरोरेषेशिवाय काहीच नसतं, म्हणून तिथे सलग 12. माझा प्रोग्राम त्या प्रत्येक ठिकाणी पट्टी संपली असं समजून काम तोडत होता.

काकांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे रेघ मारली की पान फाडतंय."

आता 'रांग' आधी बघते की आपण चित्रात आहोत की मजकुरात. चित्र सुरू होताना 27 येतो, मागोमाग के, एल किंवा तारा (*), आणि मग लांबीचे दोन बाइट. दुसऱ्याला 256 ने गुणून पहिला मिळवला की ठिपक्यांचे उभे स्तंभ किती ते कळतं. 27, 75 (म्हणजे के), 240, 0 आलं तर पुढचे 240 बाइट डोळे मिटून जाऊ द्यायचे, त्यात 12 असो की काही असो. (ताऱ्याला लांबीच्या आधी मोडचा एक बाइट जास्त असतो. 24 पिनी प्रिंटरला 32 पासूनच्या मोडमध्ये एका स्तंभाला 3 बाइट लागतात, तेही घातलंय. माझ्याकडे तसा प्रिंटर नाही, कुणाकडे असेल तर एक पट्टी काढून कळवा.)

काही प्रोग्राम फॉर्म फीड पाठवतच नाहीत, रिकाम्या ओळी सोडून पान पुढे नेतात. त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये ओळी द्या. इंचाला 6 ओळी, म्हणजे 6 इंची पट्टीला 36.

दुसरा बदल वीज जाण्याबद्दलचा. आधी वीज आली की 'रांग' अर्धवट राहिलेलं काम आपणहून पुन्हा छापायची. ते चूक होतं. प्रिंटरच्या पोटात गेलेलं कागदावर उतरलं की नाही हे मशीनला कळत नाही, आणि एकाच मालाच्या दोन पट्ट्या निघाल्या तर भांडण ठरलेलं. माझे बाबा नाशिकरोडच्या, नोटा-मुद्रांक छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झाले. तिथे बिघडलेला कागदसुद्धा मोजून परत द्यावा लागतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आता 'रांग' थांबते, कामाचा नंबर दाखवते आणि विचारते. माणसानं कागद बघायचा, मग हो किंवा नाही म्हणायचं. पुन्हा छापलं तर वर 'डुप्लिकेट' अशी ओळ येते. ती बंद करायची सोय मुद्दामच ठेवलेली नाही.

बदलताना आधी रांग पूर्ण रिकामी होऊ द्या, मगच नवी फाईल जुन्या जागी टाका. जुनी आठवडाभर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि पहिली चाचणी मराठी नावाच्या पट्टीवर घ्या, लांबलचक नावाच्या.