डावा

मे महिन्यात अमळनेरला दुपारी दोन वाजता गाडी डांबरावर साईड स्टँडला लावायची नसते, हे मला चांगलं माहीत आहे. तरी लावली. पाच मिनिटांचं काम, म्हणून बँकेत गेलो आणि अर्ध्या तासाने बाहेर आलो. ओल्या मातीत खुंटी रुतावी तसं स्टँड पाघळलेल्या डांबरात रुतलं होतं आणि गाडी बैल बसावा तशी डाव्या कुशीवर बसली होती. आरसा शाबूत, क्लचचा दांडा सरळ. फक्त पुढचा डावा इंडिकेटर वायरला लोंबकळत होता, दुधाच्या दातासारखा. धड पडलेला नाही, धड राहिलेलाही नाही.

डावाच. नेहमी डावाच मोडतो. स्टँड डावीकडे, म्हणून गाडी डावीकडे पडते, यात नशीब वगैरे काही नाही. पण नवा एकच लावला तर जुन्याशी रंग जुळत नाही. एक संत्र्यासारखा, दुसरा उन्हाने विटून काविळीच्या डोळ्यासारखा. मला ते सहन होत नाही, म्हणून मी दर वेळी जोडी घेतो आणि जुना धडधाकट उजवा घरी आणतो. बिस्किटांच्या डब्यात आज असे तीन उजवे आहेत. बायको विचारते, याचं काय करायचं? मी म्हणतो, लागेल कधी. तिलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे.

या वेळी जोडी घ्यायचा कंटाळा केला. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून दांडी करकचून बांधली. आठवडाभर छान चाललं. मग आतून वायर तुटली आणि डावीकडचं बटण दाबलं की मागचा एकटा दिवा टकटकटकटक करायला लागला. दोन्ही बल्ब मिळून वीस वॅट ओढतात, तेव्हा फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारी डबी, मिनिटाला साठ ते एकशेवीस या बेताने उघडझाप करतो. एक बल्ब गेला की त्याचा हिशोब चुकतो आणि तो घाई करतो. नवखे लोक म्हणतात, वा, काय जोरात चालतो! तो जोरात चालत नसतो, निम्मा मेलेला असतो.

म्हणून मग हात दाखवायला लागलो. आणि हात बाहेर काढला की मला नानांची राजदूत आठवते.

त्या राजदूतला इंडिकेटर नव्हतेच. डावीकडे वळताना उजवा हात लांब करून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, असं 1989 च्या रस्त्याच्या नियमांत होतं. नियम लिहिणाऱ्याने राजदूत चालवली नसावी. उजवा हात काढला की ॲक्सिलरेटर सुटतो आणि गाडी खोकून बंद पडते. डावा हात क्लचवर. मग राहिला कोण? मागे बसलेला मी. शेताचा रस्ता जवळ आला की नाना मान न वळवता म्हणायचे, "हात काढ रे भो." मी डावा हात खांद्यापासून ताठ बाहेर काढायचो, पाचही बोटं उघडी. समोरून कपाशीने भरलेल्या बैलगाड्या, मागे कोणी असेल-नसेल. बहुतेक नसायचंच. एकदा मी म्हटलं, मागे कुत्रंसुद्धा नाही. नाना म्हणाले, "मांगलाले समजाले पाहिजे." कुठल्या मागल्याला, ते त्यांनी सांगितलं नाही. वळण पूर्ण होईपर्यंत हात खाली घ्यायची परवानगी नव्हती. ऊन लागायचं, बाहीत वारा शिरून ती फुग्यासारखी फुगायची आणि मी स्वतःला गाडीचा पार्ट समजायचो. उजवीकडच्या वळणाला मात्र कोणीच हात काढत नसे. का, ते आज कळत नाही. आमचं शेत डावीकडे होतं, एवढंच कारण असावं.

काल शेवटी मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "सर, एलईडी टाका, झकास दिसतो." टाकला असता, पण एलईडी करंट कमी खातो, जुन्या फ्लॅशरला पुन्हा वाटतं बल्ब गेला, पुन्हा तीच टकटकटकटक. मग फ्लॅशरही नवा. म्हटलं, राहू दे, साधाच लाव. आणि हो, एकच लाव. त्याने माझ्याकडे पाहिलं. रंग जुळणार नाही म्हणाला. मी म्हटलं, चालेल. का म्हटलं कोणास ठाऊक.

त्याने बटण दाबलं. टिक, टिक, टिक. दुकानात वळायचं कोणाला नव्हतं, तरी आम्ही दोघं थोडा वेळ बघत राहिलो.

धुळे रस्त्याला लागलो. स्कूटीवरची एक मुलगी बाजूला आली आणि हाताची मूठ उघडझाप करत ओरडली, "काका, चालू आहे!" स्टँड आणि इंडिकेटर, या दोन गोष्टी अनोळखी माणसाला सांगायला आपल्याकडे कोणी लाजत नाही. मी मान हलवली, बटण बंद केलं. ती पुढे निघून गेली.

पुढे दोनशे मीटरवर मला खरंच डावीकडे वळायचं होतं. तिथे विसरलो.