पेट्रोलचा वास आणि कॅनिस्टर, अपडेट ३

मंडळी, वासाचं मूळ सापडलं एकदाचं. आधी सांगितलं होतं तसं जुन्या हॅचबॅकला दोन त्रास होते, उन्हात उभी राहिली की मागच्या बाजूला पेट्रोलचा वास आणि टाकी फुल केली की पंपावरच स्टार्ट व्हायला नखरे, झाली तरी मिसिंग. प्लग, फिल्टर, इंजेक्टर क्लीनिंग सगळं करून झालं होतं.

या रविवारी पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा, करंटवर उघडणारा व्हॉल्व्ह) काढला. करंट नसताना तो पूर्ण बंद पाहिजे, पण पंपाने हवा मारली तर आरपार. ठोकून बघितला तर आतून कोळशाचे काळे दाणे पडले! तिथेच कळलं की कॅनिस्टर, म्हणजे पेट्रोलची वाफ धरणारा कोळशाचा डबा, आतून फुटलाय.

नवीन लोकांसाठी सांगतो, टाकीतली वाफ बाहेर न सोडता या कोळशाच्या डब्यात जाते, कोळसा तिला धरून ठेवतो, मग इंजिन गरम झालं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांचं) व्हॅक्यूम डब्यातून ताजी हवा ओढून ती वाफ इंजिनात नेऊन जाळतं, कोळसा परत मोकळा. माझा व्हॉल्व्ह दाण्यामुळे उघडाच अडकलेला, त्यामुळे टाकी भरताना ढकललेली सगळी वाफ स्टार्ट करताच इंजिनात आणि मिक्श्चर एकदम रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त.

आणि कोळसा का फुटला? "राउंड फिगर करा". टाकी भरून पंपाचं नोझल आपोआप कट झाल्यावरही मी वर्षानुवर्षं अजून थोडं मारायला सांगायचो. वाफेसाठी ठेवलेली जागा भरते आणि पेट्रोल डब्यात शिरतं. काढलेला कॅनिस्टर हातात नव्यापेक्षा चांगलाच जड लागत होता. प्लीज हे करू नका. बंद खोलीतल्या टेस्टमध्ये अख्ख्या गाडीतून फक्त २ ग्रॅम वाफ चालते, आणि हीच वाफ उन्हात नायट्रोजन ऑक्साइडबरोबर मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करते, जो आपल्याच फुप्फुसात जातो.

नवा कॅनिस्टर, नवा व्हॉल्व्ह बसवला, मधली पाइप काढून हवा मारून साफ केली नाहीतर उरलेले दाणे नवा व्हॉल्व्हपण खातील. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली होती, काम उघड्यावरच केलं. काल पहिल्या कटला थांबून टाकी भरली, अर्ध्या सेल्फला स्टार्ट!

टाकीच्या झाकणाचं रबर अजून जुनंच आहे, चिरा दिसतायत. ते बदलून गाडी दिवसभर उन्हात ठेवणार, मग वासाचं कळवतो.