आमची वाटचाल: दुबईतली कामं आणि आमच्या खालच्या पार्ट्या

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, दुबई-शारजात एसीची कामं करतो, म्हणजे डक्टिंग (थंड हवा नेणारे पत्र्याचे मार्ग), चिल्ड वॉटरची म्हणजे थंड पाण्याची पाइपलाइन वगैरे. वर मेन कॉन्ट्रॅक्टर, कधी युरोपचा कधी कोरियाचा, त्याच्याखाली एमईपीवाली, म्हणजे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगची कामं घेणारी मोठी कंपनी, तिच्याखाली आम्ही आणि आमच्याखाली अजून छोट्या पार्ट्या, कोणी फक्त इन्सुलेशन करणार कोणी नुसती माणसं पुरवणार. आमचा धंदा टिकलाय तो ह्या खालच्या पार्ट्यांमुळे.

पैशाचं आधी सांगतो. इथल्या सब-कॉन्ट्रॅक्टमध्ये बऱ्याचदा एक अट असते, वरून पैसे आले की तुला मिळतील. शिवाय बिलातून साधारण १० टक्के रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून मागे ठेवायचे पैसे, कापतात, त्यातलं अर्धं काम ताब्यात दिल्यावर सुटतं आणि उरलेलं डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे कामातले दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्यावर. मोठ्या कंपनीला हे झेपतं, दहा-बारा माणसं घेऊन काम करणाऱ्याला नाही झेपत. म्हणून आमच्याकडे खालच्या पार्टीच्या माणसांचा पगार वरच्या चेकवर अवलंबून ठेवायचाच नाही, आमच्या खिशातून गेला तरी चालेल. यूएईत २००९ पासून डब्ल्यूपीएस ही सरकारची पगाराची पद्धत आहे, पगार बँकेतून जातो, त्याचा कागद बघूनच आम्ही पार्टीचं पुढचं बिल पास करतो. दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पात पगार थकलेला माणूस सकाळी बसमध्ये चढत नाही आणि का चढावं त्याने, गावाला घरचे पैशाची वाट बघत असतात.

दुसरं म्हणजे कागद. मोठ्या कामांना फिडिक ह्या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुन्याचं कॉन्ट्रॅक्ट असतं, त्यातल्या १९९९ च्या रेड बुकात क्लेमची, म्हणजे जादा पैसे किंवा मुदत मागायची, नोटीस २८ दिवसांत द्यावी लागते, नाही दिली तर हक्क गेला. आता वरच्याला २८ दिवस म्हटल्यावर आमच्या हातात त्याहून कमी, म्हणून खालच्या पार्टीला आम्ही आठवड्याचीच मुदत देतो आणि इंजिनिअर तोंडी बोलला तरी त्याच संध्याकाळी मेल टाकायला लावतो. इंग्लिश येत नसेल तर व्हॉट्सअॅपवर हिंदीत बोलून पाठव, आमची ऑफिसातली मुलगी लिहून देते.

सगळ्यात जास्त भांडणं फॉल्स सीलिंगवरून होतात, कारण आमचे पाइप त्याच्या आत झाकले जातात. पाइपात पाणी भरून वर्किंग प्रेशरच्या दीडपट प्रेशर द्यायचं, प्रेशर गेजचा काटा खाली येत नाही ना बघायचं, कन्सल्टंटची सही घ्यायची, मग इन्सुलेशन आणि त्यानंतरच जिप्समवाला बोर्ड लावून सीलिंग बंद करणार. पण त्याला त्याच्या तारखेची घाई! म्हणून आमचा फोरमन गेजचा तारखेसकट फोटो काढतो आणि पास झालेल्या लाइनवरच हिरवी टेप लावतो, टेप नसेल तिथे बोर्ड चढवायचा नाही हे जिप्समच्या फोरमनशी आधीच चहावर बोलून ठेवलेलं असतं.

१५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं, कायदाच आहे तो, आणि त्या उन्हात गच्चीवर उभं राहिलेल्या कोणालाही तो पटेल. आता रियाधचं एक काम बोलणीत आहे, तिकडे बंदी बाराला सुरू होते म्हणजे उन्हाळ्याचं शेड्यूल परत मांडायला लागणार. इन्सुलेशनवाली पार्टी मात्र तीच नेतोय, तेवढं आधीच ठरलंय.