एक छोटासा हॉर्न

इकडे ब्रिटनमध्ये तपकिरी पाकिटातून कधीच चांगली बातमी येत नाही. त्या दिवशी मी पोह्यांना फोडणी देत होते, तेवढ्यात दारातून पाकीट आत पडलं. पाठवणारे पोलीस. ‘आपल्यावर खटला भरण्याचा विचार आहे’ अशा अर्थाचा ठळक मथळा, खाली माझ्या गाडीचा नंबर, लेकाच्या शाळेचा रस्ता आणि वेळ, सकाळी ८ वाजून ४१ मिनिटं. गुन्हा काय, तर पुरेशी काळजी न घेता आणि लक्ष न देता गाडी चालवणं. पोहे करपले, हे वेगळं सांगायला नको.

मी कुणाला ठोकलं नव्हतं. सिग्नल तोडला नव्हता. पंधरा वर्षं पुण्यात नळस्टॉपच्या चौकातून गाडी काढलेल्या बाईला ‘लक्ष न देता’? तिथे लक्ष नसतं तर पहिल्याच आठवड्यात गाडी आणि मी दोघी गॅरेजला गेलो असतो.

मग आठवलं. आमचं गाव बर्मिंगहॅमपासून तासाभरावर आहे. शाळेचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणझुडपं आणि मध्ये एक चढ. त्या सकाळी पुढे एक सायकलवाला होता. पोपटी जाकीट, घट्ट चड्डी, आणि चालला होता लेनच्या बरोब्बर मधून, जणू नवरदेवाची वरात. मी मैलभर त्याच्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये. माझ्यामागे व्हॅनची रांग, त्यातल्या एकाने दोनदा लाइटही मारला. लेक मागून सांगतोय, आई, आठ चाळीस झाले. शेवटी रस्ता थोडा मोकळा दिसला. मी इंडिकेटर दिला, एक छोटासा हॉर्न दिला आणि पुढे गेले. समोरून एक गाडी येत होती, म्हणून जरा डावीकडे राहिले. बस. एवढंच.

त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. त्याने घरी जाऊन, चहा वगैरे पिऊन, ते चित्रण पोलिसांना ऑनलाइन पाठवलं. इथे ही रीतसर सोय आहे. वेल्समध्ये ‘ऑपरेशन स्नॅप’ नावाने ती सुरू झाली आणि मग ठिकठिकाणचे पोलीस असं चित्रण घेऊ लागले. वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनी तर २०१६मध्ये साध्या कपड्यातला पोलीसच सायकलवर बसवून रस्त्यावर सोडला होता. जो चिकटून जाईल त्याला पुढच्या वळणावर थांबवायचं आणि जमिनीवर अंथरलेल्या चटईवर अंतर किती हवं ते दाखवायचं. चटईवरचे धडे! वाचताना मला हसू आलं होतं. तेव्हा पत्रं दुसऱ्यांना येत होती.

हवं ते अंतर आहे दीड मीटर. ताशी ३० मैलांपर्यंत वेग असेल तर सायकलपासून किमान दीड मीटर लांबून जायचं, वेग जास्त असेल तर आणखी लांबून. हे २९ जानेवारी २०२२पासून इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकात, स्पष्ट लिहिलं आहे. त्याच पुस्तकात असंही लिहिलंय की शांत रस्त्यावर किंवा चौकाजवळ सायकलवाल्याने लेनच्या मधून जावं. दोघं असतील तर शेजारी शेजारीही चालवू शकतात. बाजूला सायकलची लेन असली तरी ती वापरायची सक्ती नाही. म्हणजे तो वरातीसारखा चालला होता तो पुस्तकाप्रमाणेच. कडेने चालवलं की माझ्यासारख्यांना वाटतं, बसतेय गाडी, काढू या. मधून चालवलं की तसं वाटत नाही. हे सगळं मी थिअरी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पाठच केलं होतं.

आता हॉर्नबद्दल बोलू द्या, कारण मला खरा राग त्याचा आलाय. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेलं असतं. ‘प्लीज’! विनंती असते ती. ओव्हरटेक करताना हॉर्न न देणारा माणूस उद्धट, तो गुपचूप अंगावर येतो. हॉर्न म्हणजे ‘काका, मी उजवीकडून येतेय हं’. हॉर्नच्या लांबीवरून आपल्याला कळतं की मागे रिक्षा आहे, नवीन गाडी घेतलेला मुलगा आहे की ब्रेक न लागणारा टेम्पो. इकडे हॉर्न म्हणजे शिवी. आठ महिन्यांत मी तीनदा हॉर्न ऐकला असेल आणि तिन्ही वेळा कुणीतरी काच खाली करून हातवारे करत होतं. बरं, पुस्तकात काय लिहिलंय? ११२वा नियम: आपण आहोत हे इतरांना कळवायची गरज असेल तेव्हा, गाडी धावत असताना, हॉर्न वाजवा. म्हणजे मी केलं तेच! वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात वाजवू नका, तर तेव्हा पावणेनऊ झाले होते. नवऱ्याला हे मी तीनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, त्याच नियमात ‘आक्रमकपणे वाजवू नका’ असंही आहे. मी म्हटलं, माझा पीप आक्रमक होता? तो म्हणाला, मी गाडीत नव्हतो. हुशार माणूस.

पत्राची गंमत पुढे आहे. चालक कोण होता हे २८ दिवसांत कळवायचं. नाही कळवलं तर तो वेगळा गुन्हा आणि लायसन्सवर ६ दंडाचे पॉइंट. कळवलं तर एक तर नीट गाडी चालवायला शिकवणारा कोर्स, नाही तर १०० पाउंड दंड आणि ३ पॉइंट, नाही तर कोर्ट. जुन्या लायसन्सवाल्यांना १२ पॉइंटपर्यंत सवड असते. पण पहिलं लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंटला ते रद्दच होतं. परत शिकाऊ, परत लाल ‘एल’, परत दोन्ही परीक्षा. आपलं लायसन्स इथे राहायला आल्यावर वर्षभरच चालतं, म्हणून मी इथली परीक्षा दिली आणि तिसऱ्या खेपेला पास झाले. (दोनदा का नापास झाले ते विचारू नका. एकदा आरशात बघितलं नाही म्हणून. बघितलं होतं, मान हलवली नव्हती.)

शेजारचे आजोबा मात्र पूर्ण माझ्या बाजूने. त्यांचं म्हणणं, हे सायकलवाले रोड टॅक्स भरत नाहीत, यांना नंबरप्लेट नाही, यांना रस्त्याच्या मधोमध चालायचा हक्क कुणी दिला? मला क्षणभर फार बरं वाटलं. मग वाईट खोड उफाळून आली आणि मी शोधलं. रस्त्यासाठी राखून ठेवायचा तो टॅक्स इथे १९३७मध्येच संपला. आता गाडीवर जो कर आहे तो सरकारच्या सामान्य तिजोरीत जातो आणि रस्ते सगळ्यांच्या करातून होतात. उलट मोटारी यायच्या आधीच, १८८६मध्ये, चांगल्या रस्त्यांसाठी इथे संघटना काढली होती ती सायकलवाल्यांनी. हे मी आजोबांना सांगितलं नाही. माझ्या बाजूने असलेला गावातला तो एकच माणूस आहे.

खरा टॅक्स तर आमच्या बाबांनी भरला! बाबा कसब्यातून खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत सायकलने जायचे. त्या काळी सायकलला महापालिकेचा कर होता आणि तो भरल्याचा पितळी बिल्ला लावावा लागे. तो नसेल, रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट सापडलात तर पोलीस सरळ चाकातली हवा सोडत. बाबांचा एक बिल्ला अजून आईच्या शिवणाच्या डब्यात आहे. इथल्या आजोबांना तो दाखवायला हवा. पुणं तेव्हा सायकलींचं शहर. भोंगा झाला की खडकीतून सायकलींचा लोंढा निघायचा आणि कुणी कुणापासून दीड मीटरवर नसायचं. कोपराला कोपर लागून गप्पा मारत माणसं घरी पोहोचायची. अंतर मोजणाऱ्यांना हा जिव्हाळा काय कळणार, असं मी मनातल्या मनात एक भाषणही तयार केलं.

रविवारी बाबांना फोन केला. पत्र, पॉइंट, हॉर्न, नियम ११२, सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, “तो पडला का गं?”

“नाही हो बाबा. पडला नाही.”

“तू बघितलंस?”

मी म्हटलं, आरशात दिसला असता की. बाबा म्हणाले, “होळकर पुलावर एकदा मागून ट्रक आला. लागला नाही मला. नुसता हॉर्न दिला आणि शेजारून गेला. मी कठड्यावर आपटलो. ट्रकवाल्याला काय माहीत, तो गेला पुढे.” आणि लगेच, “आईला सांगू नकोस, तेव्हा तिला खड्ड्यात पडलो म्हणून सांगितलं होतं.” चाळीसेक वर्षं झाली असतील. अजून तेच सांगायचं म्हणे.

त्या रात्री मी पत्रातल्या लिंकवर ते चित्रण बघितलं. सतरा सेकंदांचं. आधी नुसता त्याच्या श्वासाचा आवाज. चढ आहे ना, दमलेला श्वास. मग माझा पीप. गाडीत बसून जो ‘छोटासा’ वाटला होता तो त्याच्या कॅमेऱ्यात रेल्वेच्या भोंग्यासारखा आहे. चित्र एकदम उडतं, आधी आकाश, मग झुडपं. उजवीकडून माझा डावा आरसा आत येतो आणि त्याच्या हँडलवरच्या बोटांजवळून जातो. बोटं आवळलेली दिसतात, नखांपाशी पांढरी झालेली. पुढचं चाक कडेच्या गटाराच्या जाळीवर खडखडतं. मग गाडी लहान होत जाते, आणि इंडिकेटर व्यवस्थित लुकलुकताना दिसतो, हे मला नमूद करायचंय. शेवटचे चार सेकंद तो एक पाय टेकून उभा आहे.

मी कबुली पाठवली. कोर्स मिळाला, फी भरली, पुढच्या गुरुवारी आहे. पण म्हणून सगळे सायकलवाले संत झाले असं कुणी समजू नये. परवाच एक जण लाल सिग्नलला फुटपाथवर चढला, पादचाऱ्यांमधून गेला आणि पलीकडे उतरला, अगदी आपल्या अलका टॉकीजच्या चौकासारखा. क्षणभर घरी असल्यासारखं वाटलं. त्याला पत्र कोण पाठवणार? नंबरप्लेटच नाही.

म्हणून मीही डॅशकॅम घेतला. काल पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग बघायला बसले. शाळेच्या चढावर पुन्हा एक सायकल, मी दुसऱ्या गिअरमध्ये तिच्यामागे, हॉर्न नाही. रस्ता, झुडपं, पोपटी जाकीट, सगळं स्वच्छ दिसतं. पण आवाजही रेकॉर्ड होतो हे मला माहीत नव्हतं. चढ संपेपर्यंत मी जे काही पुटपुटले आहे ते पोलिसांना पाठवण्यासारखं नाही. लेकाला त्यातले निम्मे शब्द नवीन होते. त्याने आज माझ्या बाबांना फोनवर त्या शब्दांचे अर्थ विचारले.