मंगळवारची शिवण

कॅनडाच्या अगदी उत्तरेला, नुनावुट प्रदेशात, पांगनिर्टुंग हे इनुइट लोकांचं गाव आहे. इथे यायला रस्ता नाही. इकालुइट या राजधानीहून छोट्या विमानानं यायचं. सामानसुमान उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजानं येतं. नुनावुटच्या २५ वस्त्यांपैकी कुठल्याच दोन वस्त्या रस्त्यानं जोडलेल्या नाहीत. दीडेक हजार वस्तीच्या या गावात मी प्रौढांना इंग्रजी आणि गणित शिकवते.

पहिले काही दिवस “समजलं का?” विचारलं की वर्ग गप्प. मी तेच पुन्हा सांगायचे. शेवटी एका बाईनं हळूच सांगितलं, भुवया उंचावल्या की ‘हो’, नाक आक्रसलं की ‘नाही’. म्हणजे ही माणसं रोज मला उत्तर देत होती!

पण सगळीच शांतता अशी नव्हती. इथल्या कित्येकांचे आईवडील मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांत वाढले. अनेक शाळांत मातृभाषा बोलायला बंदी होती. कॅनडा सरकारनं २००८ साली संसदेत माफी मागितली, तरी शाळेची धास्ती घराघरात उरली. चाळिशीतला मच्छीमार वर्गाच्या दारात थबकतो, तो गणिताला घाबरून नव्हे.

म्हणून मंगळवारी टेबलं भिंतीला लावून आम्ही शिवण सुरू केली. गावातल्या आज्या सीलच्या कातड्याचे कामिक, म्हणजे बूट, शिवतात. तोंडानं फारसं सांगत नाहीत. उलू ही अर्धगोल सुरी कातड्यावरून कशी फिरते, ते शेजारी बसून बघायचं, मग आपण करायचं. बघत, करत, चुकत हात बसतो, त्याला इथे पिलिम्मक्सार्निक म्हणतात. चवड्याच्या चुण्या सारख्या पाडताना माझे अपूर्णांक आपसूक शिकवून झाले.

एका आजींनी मला त्यांच्या इनुक्टिटुट भाषेची लिपी दाखवली. पाचरीचं टोक वर असलं की पि, उजवीकडे वळलं की पु, डावीकडे की पा. मी खाली आपली बाराखडी लिहिली. त्या कितीतरी वेळ ‘पि’च्या वेलांटीवरून बोट फिरवत होत्या.

या आज्यांना शिक्षिकेचं पूर्ण मानधन मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. गावातला वर्ग त्यांच्यामुळे भरतो.

हिवाळा सरता सरता निम्मा वर्ग गोठलेल्या समुद्रावर टर्बट मासे धरायला जातो. मी गैरहजेरी मांडत नाही. मागच्या खेपेला परतल्यावर दोघांनी दोराची लांबी, गळ आणि पेट्रोलचा हिशेब फळ्यावर मांडला. त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले.