कार्डावर सगळे डोस होते

गगनबावड्याकडच्या वाडीवरून आणलेलं अडीच वर्षांचं पोर. अंगात फणफणून ताप, धाप इतकी की नाकपुड्या फुललेल्या. उजव्या बाजूला स्टेथोस्कोप लावला तर श्वास ऐकूच येईना. सोनोग्राफीत छातीत घट्ट, जाळी धरलेला पू. एम्पायमा, म्हणजे फुप्फुसाभोवती साचलेला पू.

पू काढायला छातीत नळी टाकावी लागेल म्हटल्यावर आजीने पिशवीतून माता-बाल संरक्षण कार्ड काढून पुढे केलं. "समदी इंजेक्शनं दिल्यात की वो डॉक्टर. न्युमोनियाचंबी दिलंय. मग ह्यो पू कशानं झाला?"

कार्ड खरंच चोख. पीसीव्हीचे, म्हणजे आजी म्हणतात त्या न्युमोनियाच्या लसीचे, तिन्ही डोस, दीड महिना, साडेतीन महिने, नववा महिना, वेळेवर. ही लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली, २०२१ मध्ये देशभर सुरू झाली. पण ती फक्त न्युमोकोकस या एका जंतूसाठी. त्याचेही शंभरच्या आसपास प्रकार, लसीत त्यातले मोजकेच. तिसऱ्या क्रमांकाचा प्रकार तर तेरा प्रकारांच्या लसीत असूनही लस घेतलेल्या मुलांत एम्पायमा करतो.

इथे मात्र माझा संशय वेगळा होता. एक्स-रेत फुप्फुसात हवेचे फुगे दिसत होते, आणि गुडघ्याखाली नुकतंच फुटलेलं गळू. पू लॅबला पाठवून व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू केलं. संध्याकाळी मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी स्लाइड दाखवली: द्राक्षांच्या घडासारखे जांभळे गोळे. न्युमोकोकस जोडीजोडीने दिसतो. हा स्टॅफिलोकोकस, गळवं करणारा वेगळाच जंतू; कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये वाढवून पाहिल्यावर, तो मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा निघाला. त्याच्यावर लस जगात कुठेच नाही.

आजीचा निर्णय झाला होता. आईच्या मांडीवरच्या धाकट्याकडे बघत म्हणाल्या, "बारक्याला आता ते टोचायचं न्हाई. काय उपेग?"

मला ह्याचीच भीती होती. खाटेशेजारी बसलो. "आजी, लस ज्या जंतूची आहे, तो या पुवात नाही. हा गळवातून रक्तात, तिथून छातीत गेला असावा. बारक्याची लस चुकवली तर त्या दुसऱ्या जंतूला मोकळं रान मिळेल."

"गळवाला आमी हळद लावलीती," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांचा काही दोष नव्हता, तसं स्पष्ट सांगितलं. गळवाबरोबर ताप आला तर मात्र थांबायचं नाही, हेही. बारक्याचा डोस त्यांनी कबूल केला.

नळी निघाली, तरी अँटिबायोटिक काही आठवडे चालेल. फुप्फुसातले फुगे बहुधा आपोआप विरतात, पण त्याला महिने लागतात. तोवर तपासणीला यायचं, तेही भर पावसात घाटाकडच्या रस्त्याने एसटीतून. त्यांच्या जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सगळी माहिती कळवून ठेवली आहे.