सरकलेली पांढरी रेघ: मिनी कूपर एसची क्रँक पुली

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की गाडीच्या चिरकण्याचं कारण सापडलं, बेल्ट ताणला गेला होता, नवा टाकला, विषय संपला. तीन आठवड्यांत नव्या बेल्टच्या कडेला दोरे सुटले. एसी लावला की उजव्या चाकामागून तोच आवाज, उंदीर दारात सापडल्यासारखा. विषय कसला संपतोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी २००४ ची मिनी कूपर एस, आर५३ हा त्या पिढीचा कोड. इंग्लंडहून परतलेल्या एका गृहस्थाने स्वतःबरोबर गोव्यात आणलेली, त्यांच्याकडून मी घेतली आणि चोर्ला घाटाने बेळगावला चढवली. इंजिन १५९८ सीसीचं ट्रायटेक, क्रायस्लर आणि बीएमडब्ल्यू यांच्या भागीदारीतल्या ब्राझीलमधल्या कारखान्यातलं. त्यावर ईटनचा एम४५ सुपरचार्जर. टर्बो नाही, बेल्टवर फिरून इंजिनात हवा कोंबणारा ब्लोअर. त्याचं ते किणकिणतं रडगाणं ऐकण्यासाठीच माणूस ही गाडी घेतो, बाकीची कारणं बायकोला सांगायची.

या गाडीत एकाच बेल्टवर सगळा संसार आहे. अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, सुपरचार्जर. आणि सुपरचार्जरच्या दुसऱ्या टोकाला वॉटर पंप. म्हणजे बेल्ट गेला तर नुसता दम जात नाही, इंजिनात पाणी फिरायचंही थांबतं. जांबोटीच्या पुढे कुठेतरी जंगलात हे झालं तर काय, हा विचार मला झोपू देईना.

बेल्ट नवा, तो ताणून धरणारा टेन्शनर ठीक, तरी कड पिंजते म्हणजे बेल्ट ज्यावर धावतो ती एखादी पुली सरळ फिरत नाही. उजवं पुढचं चाक काढलं, आतलं प्लास्टिक काढलं, टॉर्च मारून इंजिन चालू केलं. क्रँक पुलीची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या (क्रँकच्या) टोकाला बसून बेल्ट फिरवणाऱ्या पुलीची, बाहेरची कडी किंचित डुलत होती. डोळ्याला भास होतोय का असं वाटलं, म्हणून इंजिन बंद करून व्हाइटनरने हबपासून, म्हणजे पुलीच्या मधल्या भागापासून, बाहेरच्या कडीपर्यंत, मधल्या रबरावरून, एक सरळ रेघ ओढली. चाक लावलं आणि चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवली: टिळकवाडी ते ऑफिस, एकदा हिंडलग्यापर्यंत.

पाचव्या दिवशी बघतो तर हबवरची रेघ एकीकडे आणि कडीवरची बोटभर पुढे. रबराने दोघांचा हात सोडला होता. एक रुपया खर्च न करता झालेली ही तपासणी मी बेल्ट बदलायच्या आधी करायला हवी होती.

ही पुली म्हणजे दिसायला एक चाक, पण काम दोन. बेल्ट फिरवणं हे दुय्यम. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. ६००० आरपीएमला सेकंदाला २०० धक्के. प्रत्येक धक्क्याला क्रँक केसाएवढा पिळवटतो आणि परत सुटतो. सुती दोराला पीळ देऊन सोडला की तो उलटसुलट फिरत राहतो, तसं. ठराविक आरपीएमला धक्क्यांची आणि या पिळाची लय जुळली की ते वाढत जातं. पुलीची बाहेरची जड कडी रबरावर टांगलेली असते ती यासाठी: क्रँक पुढे झटका मारतो तेव्हा कडी मागे रेंगाळते, आणि मधलं रबर तो झटका खाऊन त्याची ऊब करून टाकतं. वीस वर्षांची उष्णता आणि त्यात तेल, कुठलं रबर टिकणार? माझ्या पुलीवर तेलाचा थर होताच. तो कुठून आला, ते पुढे.

आता नवी पुली कुठली घ्यायची? इथे मोह सुरू होतो. बाजारात मूळ मापाची मिळते, २ टक्के मोठीही मिळते. क्रँकवरची पुली मोठी केली की बेल्ट जास्त धावतो, सुपरचार्जर जास्त फिरतो, बूस्ट, म्हणजे आत कोंबलेल्या हवेचा दाब, वाढतो. पण माझ्या गाडीच्या सुपरचार्जरवर आधीच्या मालकाने १५ टक्के लहान पुली बसवलेली आहे, बिल फाइलीत आहे. आपण सगळे '१५ टक्के' म्हणतो, पण हिशेब मांडून बघा: एक भागिले ०.८५, म्हणजे वेग वाढतो साडेसतरा टक्क्यांहून जास्त. त्यावर क्रँकचे २ टक्के गुणले की सरळ २० टक्के. हे वाचताना बरं वाटतं, आणि बेळगावात तर जास्तच, कारण आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहोत, हवेचा दाबच गोव्यापेक्षा आठेक टक्के कमी. पणजीत उड्या मारणारी गाडी घाट चढून आली की जरा शहाणी होते, हे मी पहिल्याच दिवशी अनुभवलं.

तरीही नको म्हटलं. या सुपरचार्जरसारखा रूट्स पद्धतीचा ब्लोअर वेग वाढवला की हवेपेक्षा उष्णता जास्त देऊ लागतो, आणि ती हवा थंड करणारा या गाडीचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटच्या भोकाखाली बसलेला आहे. एप्रिलमध्ये गोगटे सर्कलला सिग्नलवर उभं राहिलं की तो इंटरकूलर कमी आणि तवा जास्त असतो. शिवाय वॉटर पंपही तितकाच जास्त पळणार, त्याची कुणी विचारपूसही करत नाही. मूळ मापाची मागवली.

ती येईपर्यंत काढायच्या हत्यारांची तयारी. क्रँकच्या नाकावर ही पुली प्रेस फिट, म्हणजे दाबून घट्ट, बसलेली असते, बोल्ट काढला म्हणून हातात येत नाही. तीन पायांचा पुलर लागतो, आणि पुलरचा स्क्रू थेट क्रँकच्या आट्यांवर टेकला की आटे गेले. मध्ये एक गोळी लागते, भोकात जाणारी, डोक्याला खळगा असलेली. तिच्यासाठी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वस्तीत, गेलो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच गावात सायकलचं दुकान काढलं होतं. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण लेथची खोड गावाला लावून गेले असं मला नेहमी वाटतं. तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडे कुठल्याही गाळ्यात कागदावर काढलेलं चित्र घेऊन जा, संध्याकाळी वस्तू हातात. मी ज्या मेस्त्रींकडे जातो त्यांनी जुनी पुली कशी असते ते फोटोत बघितलं आणि पहिला प्रश्न टाकला.

"हे रबर कशाला ओ पुलीत? भरीव करूया की. अॅल्युमिनियमची. हलकी होईल, रबर जायची कटकट जन्मात नको."

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. भरीव, हलक्या पुल्या बाहेर विकल्याही जातात, आणि पहिल्या दिवशी गाडी चटकन आरपीएम पकडते म्हणून लोक खूशही होतात. मी म्हटलं, मेस्त्री, ते रबर पुलीसाठी नाही, क्रँकसाठी आहे. त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे पंपाच्या कपलिंगमध्ये रबरी स्टार असतो तसं?" जवळजवळ तसंच. "मग राहू दे. लेथवर वजन कापता येतं, हे नाही कापता येत," म्हणाले, आणि ईएन८ पोलादाच्या तुकड्यातून माझी गोळी कातायला घेतली. पैसे चहाच्या हिशेबात. या गावात लेथवर न होणारी वस्तू ही एवढीच सापडली मला.

रविवारी सकाळी कामाला लागलो. सोबत माझा मावसभाऊ आणि मेस्त्रींकडचा पोरगा, जो कन्नडमध्ये विचार करतो आणि मराठीत शिव्या देतो. बेल्ट काढायला टेन्शनर दाबून त्यात पिन अडकवायची, ते लांब दांडीने झालं. सहावा गिअर, मावसभाऊ ब्रेकवर उभा, अर्ध्या इंची बारला मीटरभर पाईप. बोल्टने आधी दम खाल्ला, मग बंदुकीच्या बारासारखा आवाज करून सुटला. गाडी स्टँडवर असताना हे करताना खाली कुणाचं डोकं नको, एवढं नीट बघा.

मग खरी फजिती. पुलरचे पाय पुलीच्या खिडक्यांपेक्षा जाड. ग्राइंडरवर घासले. बसले, तर मागे चॅसिसला पुलरचं शेपूट टेकलं, फिरवायला जागाच नाही. उजव्या बाजूचा इंजिन माउंटचा बोल्ट सोडून, संपखाली (इंजिनाच्या तेलाच्या तळाखाली) फळी आणि जॅक ठेवून इंजिन हळूहळू दोन बोटं खाली घेतलं. तरी कमी पडलं, कारण गोळीच मी लांब सांगितली होती. पोरगा मोटारसायकलवर गोळी घेऊन उद्यमबागेत गेला, दहा मिलीमीटर कापून आला. रविवारी गाळा उघडा होता हे माझं नशीब.

त्यानंतर पाव फेरा, थांबा, पाव फेरा. पोरगा मध्येच "निल्लु, निल्लु" (थांब, थांब) ओरडायचा, पाय सरळ आहेत का बघायचा, मग मान हलवायचा. सातव्या-आठव्या पावाला पुली कण्हली आणि सुटली. "साकु!" (बस्स!) हातोडा एकदाही लावला नाही. क्रँकच्या नाकावर ठोकलं की धक्का आतल्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो.

जुनी पुली हातात घेतली आणि नखाने रबर उचकटलं तर बेल्टच्या बाजूची फट अर्ध्या परिघाला मोकळी. हबच्या मागच्या नळीवर जिथे तेल आत अडवणाऱ्या ऑइल सीलचं ओठ घासतं तिथे चकचकीत खाच पडलेली, नख अडकेल एवढी. म्हणून सीलही नवं टाकलं. पुली काढलीच आहे आणि जुनं सील तसंच ठेवलं तर दोन महिन्यांनी हेच सगळं परत. ओठाला इंजिन ऑइलचा हात.

बसवताना हब तापवून घ्या असा सल्ला बरेच देतात. भरीव लोखंडाला ठीक आहे. ज्या रबरासाठी एवढा उपद्व्याप केला त्याच्या शेजारी ज्योत धरायला माझं मन झालं नाही. क्रँकच्या आट्यांना जुळणारा रॉड, जाड वायसर, थ्रस्ट बेअरिंग आणि नट, यावर ओढून घेतली. नट जड होत जातो, मग एकदम घट्ट, तिथे थांबायचं. मूळ बोल्ट परत न वापरता नवा घातला आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचने कसला. बाकीचे बोल्ट कुंद्याच्या रिकाम्या डब्यात क्रमाने ठेवले होते, त्यातला एक शेवटी उरला. अर्धा तास शोधून कळलं की तो डब्यात आधीपासूनच होता, मागच्या वर्षीच्या सायलेन्सरच्या कामातला.

संध्याकाळी सात वाजता गाडी चालू केली. पहिल्यांदा जाणवलं ते स्टिअरिंगवर. जागेवर उभी असताना जी बारीक थरथर मी 'जुनी गाडी आहे, चालायचंच' म्हणून सोडून दिली होती, ती गेली. एसी लावला. चिरकणं नाही. पुढच्या शनिवारी हायवेने निपाणीपर्यंत, तवंदी घाटात तिसऱ्या गिअरला ४००० च्या वर खेचून आलो. ब्लोअरचं रडगाणं आहे तेवढंच आहे, ताकद वाढलेली नाही, आणि वाढायची अपेक्षाही नव्हती. पण ३५०० च्या आसपास पायाखाली एक गुरगुर यायची ती मात्र शोधूनही सापडली नाही. ती पुलीची होती हे मी शपथेवर सांगणार नाही. माउंटचा बोल्टही नव्याने कसलाय.

नव्या पुलीवरही व्हाइटनरची रेघ ओढून ठेवलीय. ६०० किलोमीटरनंतर चाक काढून बघितली, सरळ आहे.

आणि ते तेल. नवं सील असूनही गाडीखाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर काल सकाळी दोन थेंब दिसले. पुलीच्या खाली नाहीत, जरा पुढच्या बाजूला. हात घालून चाचपलं तर ओल क्रँक सेन्सरच्या, म्हणजे क्रँकचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या, बुडाशी लागली. त्या सेन्सरची ओ-रिंग कडक होऊन झिरपते, ही या इंजिनाची जुनीच खोड, आणि जुन्या रबरावर वर्षानुवर्षं तेल शिंपडणारी तीच असणार. ओ-रिंग मिळालीय. सेन्सरचा बोल्ट एसी कॉम्प्रेसरच्या मागे कुठेतरी आहे, तो बघून पुढची नोंद.